रोगजंतूंचा मागोवा : रॉबर्ट कॉख

पाठपरिचय : माणसांना आणि गुरांना होणारे साथीचे रोग कशामुळे होतात, हे शोधून काढण्यासाठी अनेक शास्त्रज्ञांनी आपले आयुष्य वेचले. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे त्यांपैकी एक थोर शास्त्रज्ञ होत. त्यांच्या कार्याचा आपल्या देशाशी आणि महाराष्ट्राशीही संबंध आला. या पाठात त्यांचे जीवन व कार्य यांची ओळख करून दिली आहे.

शेतकऱ्याच्या गोठ्यातले जनावर आजारी पडले, की घरातल्या कोणालाच घास गोड लागत नाही. बैल हा शेतीचा आधार असतो आणि गाय-म्हैस म्हणजे घरात येणारा रोजचा पैसा असतो. म्हणूनच पोळ्याच्या दिवशी बैलाला सजवून त्याचा मान केला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बुळकांडी हा शब्द नुसता ऐकला, तरी शेतकऱ्याच्या काळजात धस्स होई. या रोगात जनावराला भरपूर ताप चढे, डोळ्यांतून पाणी वाहे, तोंडात फोड येत, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत ते मरून जाई. एकाचे पाहता पाहता दहा होत आणि गोठेच्या गोठे रिकामे पडत. रोग कशाने होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी हवेला दोष देई, तर कोणी नशिबाला. कारणच माहीत नसेल, तर इलाज कसा करणार?

साथीच्या प्रत्येक रोगामागे एक विशिष्ट सूक्ष्म जीव असतो, तो शोधून काढता येतो आणि मग त्या रोगाला अडवताही येते, हे प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञांत रॉबर्ट कॉख यांचे नाव फार वरचे आहे.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या गावी झाला. हे गाव डोंगराळ भागात असून तेथे खाणी होत्या. रॉबर्टचे वडील खाणींच्या कामावर अधिकारी होते. घरात मुलेबाळे पुष्कळ होती. पाच वर्षांचा असतानाच रॉबर्टने वर्तमानपत्रांच्या मदतीने स्वतःच वाचायला शिकून घेतले. हे पाहून त्याच्या आईवडिलांना मोठे नवल वाटले. त्याला दूरदूरच्या देशांत प्रवास करण्याची फार ओढ होती. पुढे त्याची ही इच्छा पूर्ण झाली, पण ती एका वेगळ्याच कारणाने.

१८६२ साली रॉबर्टने ग्योटिंगेन येथील विद्यापीठात प्रवेश घेतला व तो वैद्यकशास्त्र शिकू लागला. तेथे याकोब हेन्ले नावाचे नामवंत प्राध्यापक होते. साथीचे रोग सजीव जंतूंमुळे होत असावेत, असे मत त्यांनी १८४० सालीच मांडले होते. पण त्याला पुरावा मिळालेला नव्हता. गुरूंनी पेरलेले हे बीज शिष्याच्या मनात रुजले. १८६६ साली रॉबर्ट डॉक्टर झाला.

काही वर्षे निरनिराळ्या गावी काम केल्यावर १८७२ साली कॉख यांची वोलस्टाइन या लहान गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाली. हे गाव आज पोलंड देशात आहे. तेथे ना प्रयोगशाळा होती, ना मोठे ग्रंथालय. दिवसभर रोगी तपासावेत आणि वेळ मिळेल तेव्हा सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे, असा त्यांचा क्रम असे. त्यांची पत्नी एमी यांनी त्यांना हे सूक्ष्मदर्शक भेट दिले, असे सांगतात. रोगी तपासण्याच्या खोलीतच त्यांनी एक पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे दवाखाना आणि पलीकडे प्रयोगशाळा!

त्या भागात गुरामेंढरांमध्ये काळपुळीचा रोग वरचेवर पसरत असे. या रोगाला अँथ्रॅक्स असेही म्हणतात. हा रोग माणसांनाही होतो. काही कुरणे तर अशी होती, की तेथे चरणारी जनावरे अनेक वर्षांनंतरही अचानक मरत. शेतकऱ्यांना ती जमीनच शापित वाटे. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काठीसारखे बारीक जीव दिसतात, हे इतर शास्त्रज्ञांनी पाहिले होते. परंतु रोग त्यांच्यामुळेच होतो की ते रोगानंतर येतात, याचा उलगडा झालेला नव्हता.

कॉख यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी लाकडाच्या बारीक काड्या तासून घेतल्या, त्या तापवून स्वच्छ केल्या आणि रोगी जनावराचे रक्त त्यांवर घेऊन उंदरांच्या शरीरात घातले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात तेच काठीसारखे जीव आढळले. तरीही कॉख यांचे समाधान झाले नाही. रक्तातला दुसराच एखादा पदार्थ उंदरांना मारत नसेल कशावरून? म्हणून त्यांनी ते जीव शरीराबाहेर वाढवण्याचे ठरवले. त्यासाठी बैलाच्या डोळ्यातील स्वच्छ पाण्यासारखा द्रव त्यांनी वापरला. त्या द्रवात जंतू वाढत गेले. असे वाढवलेले जंतू निरोगी उंदरांना टोचले, तेव्हा त्यांनाही तोच रोग झाला. आता शंकेला जागा उरली नाही.

याच वेळी कॉख यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. परिस्थिती प्रतिकूल झाली, की या जंतूंचे टणक बीजाणू तयार होतात. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि जनावराच्या पोटात गेले, की पुन्हा जागे होतात. शापित कुरणांचे कोडे असे सुटले. दोष जमिनीचा नव्हता. तेथे टाकलेल्या मेलेल्या जनावरांचा होता. म्हणून अशा रोगाने मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये, ते जाळावे किंवा खोल पुरावे, हे लोकांना कळले. १८७६ साली कॉख ब्रेस्लाउ येथे फर्डिनांड कोह्न या नामांकित शास्त्रज्ञांकडे गेले व त्यांना आपले प्रयोग करून दाखवले. खेड्यातल्या एका साध्या डॉक्टरचे हे काम पाहून विद्यापीठातील विद्वान थक्क झाले. त्याच वर्षी हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि कॉख यांचे नाव सर्वत्र पसरले.

१८८० साली कॉख यांना बर्लिनला बोलावण्यात आले. तेथे त्यांना प्रयोगशाळा आणि हुशार सहकारी मिळाले. निरनिराळे जंतू एकमेकांत मिसळू न देता वाढवायचे कसे, ही त्या काळची मोठी अडचण होती. कॉख यांनी द्रवाऐवजी घट्ट पृष्ठभागावर जंतू वाढवण्याची रीत बसवली. त्यांचे सहकारी वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातील आपल्या अनुभवावरून अगर हा पदार्थ वापरण्याची सूचना केली. समुद्रातील शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ उष्णतेने लवकर वितळत नाही. दुसरे सहकारी पेट्री यांनी १८८७ साली झाकण असलेली काचेची बशी तयार केली. आजही जगातल्या प्रयोगशाळांत अगर आणि पेट्रीची बशी वापरली जाते. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातील ज्ञानही विज्ञानाच्या कामी येते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिन येथे क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्या काळी क्षयाने असंख्य माणसे मरत आणि पुष्कळांना तो आनुवंशिक रोग वाटे. म्हणूनच २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, शोध घेण्यासाठी ते प्रथम इजिप्तला आणि तेथून कलकत्त्याला आले. १८८४ च्या सुरुवातीला कलकत्त्यात त्यांनी पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला. तळ्यांच्या दूषित पाण्यातही तो आढळला. पिण्याचे पाणी शुद्ध असेल, तर पटकी टळते, हे यातून स्पष्ट झाले.

कॉख यांना सदैव यशच मिळाले असे नाही. १८९० साली त्यांनी क्षयावर ट्यूबरक्युलिन नावाचा उपाय सापडल्याचे सांगितले. पुरेशी खात्री होण्याआधीच ही गोष्ट जाहीर झाली. हजारो रोगी मोठ्या आशेने बर्लिनकडे धावले. परंतु त्या उपायाने रोग बरा होत नव्हता आणि काही रोग्यांची प्रकृती उलट बिघडली. कॉख यांच्या कीर्तीला मोठा धक्का बसला. मात्र पुढे हेच द्रव्य क्षयरोग ओळखण्याच्या चाचणीसाठी उपयोगी पडले. गुरांमधील क्षय ओळखण्यासाठीही त्याचा उपयोग होऊ लागला.

या सुमारास आफ्रिका खंडात बुळकांडीने हाहाकार माजवला होता. १८९६ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. तेथील गुरांना हा रोग नवा असल्याने शंभरांतील ऐंशी-नव्वद गुरे मरत. बैल मेल्यामुळे गाड्या थांबल्या, शेती बुडाली आणि लोकांवर उपासमारीची पाळी आली. तेथील सरकारने कॉख यांना बोलावले. डिसेंबर १८९६ मध्ये त्यांनी किंबर्ली येथे काम सुरू केले.

येथे कॉख यांची खरी कसोटी लागली. रोगी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचले, की रोग होई. पण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू काही केल्या दिसेना. कारण बुळकांडी जिवाणूमुळे नव्हे, तर विषाणूमुळे होते. विषाणू इतका लहान असतो, की त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नव्हते. शत्रू दिसत नसताना त्याच्याशी लढायचे होते. तरीही कॉख यांनी हात टेकले नाहीत. थोड्याच आठवड्यांत, फेब्रुवारी १८९७ मध्ये, त्यांनी एक उपाय सांगितला. बुळकांडीने मेलेल्या जनावराच्या पित्ताशयातील पित्त निरोगी जनावराच्या कातडीखाली टोचायचे. सुमारे दहा दिवसांनी त्या जनावराच्या अंगी रोगाशी लढण्याची शक्ती येई.

या उपायाने अनेक गुरे वाचली. परंतु तो निर्दोष नव्हता. काही वेळा पित्ताचा पुरेसा गुण येत नसे, तर काही वेळा त्यातच जिवंत विषाणू राहून जनावराला रोग होई. कॉख तेथून निघाल्यावर त्यांचे सहकारी कोले आणि तेथील डॉक्टर टर्नर यांनी काम पुढे नेले. रोगातून बऱ्या झालेल्या जनावराचे रक्तजल आणि थोडेसे रोगट रक्त एकाच वेळी टोचण्याची अधिक चांगली रीत त्यांनी बसवली.

कॉख यांना आफ्रिकेतून घाईने निघावे लागले, कारण मुंबईत प्लेगची साथ आली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात सुरू झालेली ही साथ पुण्यापर्यंत पसरली होती. मार्च १८९७ मध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना पुण्यात प्लेगनेच मरण आले. याच काळात मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. जर्मन सरकारने प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला एक मंडळ पाठवले होते. १८९७ च्या उन्हाळ्यात कॉख या मंडळात सामील झाले.

भारतातही त्या वेळी बुळकांडीने गुरे मरत होती. तिचा अभ्यास करण्यासाठी सरकारने ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन केली होती. डॉ. लिंगार्ड हे तिचे प्रमुख झाले. परंतु दाट वस्तीत असे रोगजंतू हाताळणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. १८९७ साली कॉख मुक्तेश्वरलाही गेले आणि त्यांनी बुळकांडीसंबंधीच्या कामाबाबत सल्ला दिला. पुण्यात लावलेल्या या रोपट्याचा पुढे मोठा वृक्ष झाला. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच.

कॉख यांना जे दिसले नाही, त्याचा सुगावा त्यांच्याच शिष्यांना लागला. १८९८ साली लोफ्लर आणि फ्रॉश या त्यांच्या दोन शिष्यांनी लाळ्या-खुरकूत या गुरांच्या रोगाचा अभ्यास केला. रोगी जनावराच्या फोडातील द्रव त्यांनी अतिशय बारीक गाळणीतून गाळला. जिवाणू वर राहिले, तरी खाली आलेल्या द्रवाने रोग झाला. जिवाणूंपेक्षाही लहान असे काहीतरी रोग निर्माण करते, हे सिद्ध झाले. प्राण्यांना होणाऱ्या रोगाचा हा पहिला ज्ञात विषाणू होय. पुढे १९०२ साली तुर्कस्तानात निकोल आणि आदिल बे यांनी बुळकांडीचा रोगकारकही असाच गाळणीतून पार होतो, हे दाखवून दिले.

१९०१ साली लंडनच्या परिषदेत कॉख यांनी गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नसल्याचे मत मांडले. ते पुढे चुकीचे ठरले. रोगी गाईच्या कच्च्या दुधातून माणसाला क्षय होऊ शकतो, असे इतर संशोधकांनी सिद्ध केले. म्हणून दूध नेहमी उकळूनच प्यावे. कितीही थोर शास्त्रज्ञ असला, तरी त्याचे म्हणणे प्रयोगाने तपासूनच स्वीकारायचे, हा विज्ञानाचा नियम आहे आणि तो कॉख यांनीच जगाला शिकवला होता.

१९०५ साली क्षयरोगावरील संशोधनासाठी कॉख यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरही ते आफ्रिकेत जाऊन रोगांचा अभ्यास करत राहिले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बर्लिनमधील त्यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

कॉख गेले, पण बुळकांडीशी लढा थांबला नाही. मुक्तेश्वर येथे १९२० च्या दशकात डॉ. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस बनवली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली आपल्या देशाने बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू केली. लस टोचणारे कर्मचारी गावोगाव फिरले. पुढे प्लौराइट या शास्त्रज्ञांनी आणखी चांगली लस तयार केली. १९९५ नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही आणि २०११ साली साऱ्या जगातून ती नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग होय.

तरीही सगळे संकट टळलेले नाही. २०२२ साली लम्पी या विषाणूजन्य चर्मरोगाने महाराष्ट्रातील गोवंश सापडला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी आल्या. रोग पसरू नये म्हणून गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आपला सावनेर तालुका मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. रोगाला तर सीमा ठाऊक नसते. त्या वेळी शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना टोचून त्यांचा बचाव करण्यात आला. लाळ्या-खुरकूत हा रोगही अजून आहे. त्याची लस गुरांना ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा टोचावी लागते आणि ती बर्फात जपून न्यावी लागते.

म्हणून शास्त्रज्ञ आता नव्या प्रकारच्या लसी बनवण्याचा प्रयत्न करत आहेत. त्यांना नॅनोकणांच्या लसी म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. लाळ्या-खुरकूताचा विषाणू केवळ तीसएक नॅनोमीटरचा असतो. तेवढ्याच आकाराचे कण प्रयोगशाळेत तयार करतात आणि त्यांवर विषाणूच्या बाहेरील आवरणाचा तुकडा बसवतात. जनावराच्या शरीरातील रक्षक पेशींना हा कण विषाणूसारखा भासतो आणि त्या लढायला सज्ज होतात. मात्र या कणात विषाणूचा जीव नसतो. तो वाढू शकत नाही, त्यामुळे रोगही होत नाही. कॉख यांच्या पित्ताच्या उपायात जिवंत विषाणू राहून जाण्याचा जो धोका होता, तो येथे नाही. अशा लसींचा गुण अधिक काळ टिकावा आणि त्या उन्हाळ्यातही सहज नेता याव्यात, यासाठी संशोधन चालू आहे.

आपल्या नागपूर शहरातही १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे खेड्यापाड्यांतील मुलेमुली शिकून गुरांचे डॉक्टर होतात. वोलस्टाइनच्या पडद्याआडच्या प्रयोगशाळेत कॉख यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक, लाकडाच्या काड्या आणि चिकाटी एवढेच होते. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याचे दुखणे ओळखायला जाणत्या माणसाचे डोळे लागतात. असे डोळे आपल्यापैकी कोणालाही मिळवता येतील.

शब्दार्थ

मागोवा – शोध, माग
बुळकांडी – गुरांचा एक जुना साथीचा रोग
कुरण – गुरे चरण्याची जागा
बीजाणू – जंतूचे टणक, टिकाऊ रूप
रक्तजल – रक्तातील पातळ, पिवळसर भाग
सुगावा लागणे – पत्ता लागणे
निर्मूलन – मुळापासून नाहीसे करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रॉबर्ट कॉख यांचा जन्म कोठे झाला?
(आ) अगर वापरण्याची सूचना कोणी केली?
(इ) गुरांच्या रोगांवरील प्रयोगशाळा पुण्याहून कोठे नेण्यात आली?
(ई) बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे केव्हा जाहीर झाले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शापित कुरणांचे कोडे कॉख यांनी कसे सोडवले?
(आ) किंबर्ली येथे कॉख यांना बुळकांडीचा जंतू का दिसला नाही?
(इ) नॅनोकणांच्या लसीमुळे रोग का होत नाही?

३. वाक्यात उपयोग करा.
हात टेकणे, थक्क होणे, हाहाकार माजवणे, कसोटी लागणे

४. जनावर, हवा, इलाज हे शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : तुमच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखान्याला भेट द्या. गुरांना कोणकोणत्या लसी केव्हा टोचतात, याची माहिती विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.